बचत भावात करा, ताटात नको

महिनाअखेरीस पैसे संपत आले की आपल्या घरांत पहिली कात्री लागते ती डाळीला आणि अंड्यांना. चहा-बिस्कीट मात्र सुरूच राहते. ही बचत मुलांच्या वाढीवर आणि बायांच्या अंगातल्या ताकदीवर पडते. म्हणून आम्ही सांगतो, ताट तसेच ठेवा, भाव कमी करा.

रेशन सोडू नका. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. २०२३पासून ते मोफत आहे. कार्ड गावचे असले, तरी आधार जोडलेले असेल तर तुर्भे, दिघा कुठल्याही रेशन दुकानात अंगठा देऊन धान्य घेता येते. नाकारले तर १९६७ वर तक्रार करा.

किलोचा हिशेब करा. १० रुपयांची ५० ग्रॅमची पुडी म्हणजे किलोला २०० रुपये!

विहारातल्या पाच-सहा घरांनी मिळून तुर्भ्याच्या एपीएमसी दाणाबाजारातून डाळीचा कट्टा आणावा आणि वाटून घ्यावा. टेम्पोचे भाडेही विभागले जाते.

तूरडाळ महागली तर मसूर घ्या. १०० ग्रॅम मसुरात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीन वडीत त्याच्या दुप्पट.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात कमाईचा चौथा भाग संकटकाळासाठी राखायला सांगितला आहे. किराण्यात वाचलेले पैसे त्या भागात टाका. घरात आजारपण आले, तर सावकाराच्या दारात जावे लागणार नाही.