चित्र बरोबर, आकार चूक

भंडारा जिल्ह्यातले लाखनी विषुववृत्तापासून उत्तरेला सुमारे 23 लाख 30 हजार मीटरवर आहे. एरवी हा आकडा कुणाच्या कामाचा नाही. पण तालुक्यातल्या एखाद्या मामा तलावाचे, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचे, त्रिमितीय मॉडेल संगणकावर उभे करायला बसा, की हाच आकडा आडवा येतो.

कारण संख्या साठवण्याच्या पद्धतीत आहे. त्रिमितीय आकारांची बरीच सॉफ्टवेअर आणि फाइली प्रत्येक बिंदू 32 बिटांच्या दशांश संख्येत ठेवतात. या संख्येत अचूकतेला जेमतेम सात अंक मिळतात. साधारण 21 लाख ते 42 लाख या टप्प्यातल्या दोन शेजारच्या संख्यांमध्ये पाव एककाचे अंतर असते. सर्वेक्षणातले मीटरमधले निर्देशक तसेच भरले, तर लाखनीतला कुठलाही बिंदू उत्तर-दक्षिण दिशेने 25 सेंटिमीटरच्या पायऱ्यांवरच बसू शकतो. मग मोरीची 20 सेंटिमीटर जाडीची भिंत एक तर 25 सेंटिमीटरची होते, नाही तर तिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर चिकटून जाडीच नाहीशी होते. पूर्व-पश्चिम दिशेला आकडा लहान असल्याने पायरी तीन सेंटिमीटरचीच येते. म्हणून तीच भिंत काटकोनात फिरवली की ठीक दिसते आणि नवखा माणूस चक्रावतो. उपाय सोपा आहे. तलावाच्या एका कोपऱ्याला शून्य मानायचे, सगळे बिंदू तिथून मोजायचे आणि मूळ निर्देशक वेगळे नोंदवून ठेवायचे.

बाकीच्या चुका समजायच्या, तर संगणकाला भरीव वस्तू कशी कळते ते पाहावे लागेल. त्याच्याकडे असते ती वस्तूच्या पृष्ठभागावरच्या त्रिकोणांची यादी. या यादीला काही नियम आहेत. प्रत्येक कडा नेमक्या दोन त्रिकोणांची सामाईक हवी. प्रत्येक त्रिकोणाचे तोंड बाहेर हवे. कुठलाही त्रिकोण दुसऱ्यात घुसलेला नको. पडद्यावर चित्र काढताना एकेक त्रिकोण सुटा रंगवला जातो, त्यामुळे नियम मोडले तरी चित्र देखणे दिसते. सिम्युलेशनला, म्हणजे मॉडेलवर गणित चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, मात्र तो आकार आतून बारीक तुकड्यांनी भरायचा असतो. त्यासाठी आत कोणते आणि बाहेर कोणते हे ठरावे लागते. केसाएवढी फट राहिली तरी हा प्रश्न सुटत नाही आणि सॉफ्टवेअर हात वर करते.

दुरुस्तीला क्रम असावा. आधी एकक तपासा. 1987 पासून चालत आलेल्या एसटीएल फाइलमध्ये एककाची नोंदच नसते. मीटरमधली तलावाची पाळ, म्हणजे बांध, मिलिमीटरमध्ये उघडली, की ती हजारपट लहान होते. मग एकमेकांवर पडलेले बिंदू जोडा. ब्लेंडरमध्ये त्यासाठी ‘मर्ज बाय डिस्टन्स’ ही कमांड आहे. पण तिथले अंतर मॉडेलमधल्या सर्वांत बारीक भागापेक्षा मोठे ठेवले, तर तो भागच गडप होतो. त्यानंतर भोके बुजवा. पुढे तोंडांची दिशा पाहा. ब्लेंडरमध्ये ‘फेस ओरिएंटेशन’ लावले, की उलट्या तोंडाचे पृष्ठ लाल दिसते. पाळीत मोरीचा पाइप नुसता खुपसून ठेवला असेल, तर ‘युनियन’ करून दोघांचा एक आकार करा. तरीही चूक सापडत नसेल, तर मॉडेलचे दोन भाग करा, ज्या अर्ध्यात अडते त्याचे पुन्हा दोन करा. हजारो त्रिकोणांतला खोडकर त्रिकोण असा लवकर हाती लागतो.

सॉफ्टवेअर अडते, तेव्हा निदान चूक झाल्याचे कळते. खरी भीती न अडणाऱ्या चुकीची असते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडाऱ्यात हाहाकार उडवला होता. अशा पुराचे गणित जमिनीच्या उंचीच्या नकाशावर मांडतात. फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातून रडारने टिपलेल्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या नकाशात एक चौकट सुमारे 30 मीटरची आहे. तलावाच्या पाळीचा माथा काही मीटरच रुंद. चौकटीच्या सरासरीत तो विरघळून जातो आणि पडद्यावरचे पाणी खुशाल पाळीतून आरपार वाहते. उलट, महामार्गाचा भराव नकाशात उमटतो, पण त्याखालची मोरी वरून दिसत नाही, म्हणून पाणी खोटेच तुंबते. दोन्ही वेळा गणित विनातक्रार पूर्ण होते.

अशा मुक्या चुकीची किंमत नॉर्वेने मोजली आहे. 23 ऑगस्ट 1991 रोजी स्टॅव्हँगरजवळच्या खाडीत ‘स्लाइप्नर ए’ या तेलमंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी बुडवला जात असताना फुटला आणि तळाला गेला. माणसे वाचली, पण सुमारे 70 कोटी डॉलरचे नुकसान झाले. पोकळ कप्पे जिथे एकमेकांना मिळतात, तिथल्या भिंतींचे मेश, म्हणजे गणितासाठी पाडलेल्या तुकड्यांचे जाळे, जाडेभरडे आणि तिरपे होते. त्यामुळे कातरबल 47 टक्के कमी मोजले गेले होते. सुधारित मेशने नंतर केलेल्या गणितात पाया 62 मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो 65 मीटरवर फुटला होता.

म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एकच सांगणे आहे. ‘रन’ दाबण्याआधी मॉडेलचे घनफळ सॉफ्टवेअरला विचारा आणि कागदावर स्वतः काढा. पाळ 200 मीटर लांब, 4 मीटर उंच, माथ्याला 3 आणि तळाला 15 मीटर रुंद असेल, तर घनफळ 7,200 घनमीटर यायला हवे. उत्तर उणे 7,200 आले, तर सगळी तोंडे उलटी आहेत. 7,200 घनमिलिमीटर आले, तर एकक चुकले आहे. भलतेच काही आले, तर फट किंवा उलटसुलट त्रिकोण शोधा. आणि उत्तर जुळले, तरी मेश निम्म्या आकाराचे करून गणित पुन्हा चालवा. उत्तर लक्षणीय बदलले, तर पहिल्या उत्तरावर एक वीटही चढवू नका.