उंबरा ओलांडताना : ज्येष्ठांचं आरोग्य, प्रवास आणि रोजचं जगणं

(मे २०२२ मध्ये झालेल्या ऑनलाइन व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)

आवाज सगळ्यांपर्यंत पोचतोय ना? ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी इअरफोन लावा, संकोच करू नका. आजचा विषय तुमचाच आहे.

गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिलला, महाराष्ट्रातले करोनाचे निर्बंध उठले. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या पुढच्या पेशंटांचे मला सरळ दोन गट दिसतात. एक गट म्हणतो, "डॉक्टर, झालं ना सगळं? मग काशीला जाऊन येतो." दुसरा गट अजून दाराला कडी लावून बसलाय. भाजी घरपोच, औषधं घरपोच, नातवंडं फोनवर. दोन्ही गटांशी मला आज बोलायचंय, पण जास्त काळजी मला दुसऱ्या गटाची वाटते. का, ते सांगतो.

ही गोष्ट माझ्याच घरातली आहे. मार्च २०२०च्या शेवटी टाळेबंदी लागली तेव्हा आमची आई ७६ वर्षांची होती. रोज सकाळी मंडईपर्यंत चालत जायची, दोन पिशव्या भाजी घेऊन यायची आणि दोन मजले चढायची. मी डॉक्टर, त्यामुळे सगळ्यांत कडक नियम माझेच. ६५च्या पुढच्यांनी घरात राहावं अशी सरकारची सूचनाच होती. मी आईला म्हटलं, तू आता उंबरा ओलांडायचा नाही. पिशवी हातातून घेतली, झाडू घेतला, गच्चीवर कपडे वाळत घालणंही बंद केलं. "तू फक्त बस," असं मी तिला सव्वा वर्ष सांगत होतो. मार्च २०२१ मध्ये साठीच्या पुढच्यांचं लसीकरण सुरू झालं, तिने लस घेतली. करोना तिला शेवटपर्यंत झाला नाही. पण जूनमध्ये एका रात्री लघवीला उठली, तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आज ती काठी घेऊन घरातल्या घरात चालते. मंडई संपली.

तिचं हाड ठिसूळ होतं हे खरंच. पण हाड दोन वर्षांपूर्वीही ठिसूळ होतं. तेव्हा तोल गेला की पाय सावरून घ्यायचे. मधल्या काळात ते पाय गेले. विषाणूपासून वाचवण्याचा माझा सल्ला चुकीचा नव्हता. त्याचा दुसरा अर्धा भाग मी सांगितलाच नाही, ही माझी चूक. घरात राहा, पण बसू नका, हे मी म्हणायला हवं होतं.

बसण्याने नेमकं काय होतं?

तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात, हे निसर्गाचंच आहे. पण अंथरुणाला खिळलं की हा वेग भयानक वाढतो. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस पूर्ण विश्रांती देऊन केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतला साधारण एक किलो स्नायू गेला होता. आणि ही माणसं आजारी नव्हती बरं का! आता दोन वर्षं खुर्ची-पलंग-टीव्ही करणाऱ्याचा विचार करा. शिवाय तरुण माणूस आठवड्यात परत उभा राहतो, आपल्याला महिने लागतात.

तुमचं कुठवर आलंय ते आत्ता, इथेच बघू. हात नसलेली, भिंतीला टेकलेली पक्की खुर्ची घ्या. हाताची घडी छातीवर. हात न टेकता पाच वेळा उठायचं, पाच वेळा बसायचं. कुणीतरी घड्याळ लावा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी एकट्याने करू नका. पंधरा सेकंदांहून जास्त वेळ लागला, किंवा हात टेकावेच लागले, तर पायांची ताकद घटली आहे असं समजा.

उपाय तोच आहे, जी परीक्षा तीच शिकवणी. हीच उठबस सकाळ-संध्याकाळ, झेपेल तेवढी, सुरुवातीला हात टेकून. ओट्याला धरून टाचा वर उचलणं, दहा वेळा. एका पायावर उभं राहणं, पण ओटा हाताशी हवा. आणि चालणं. चालण्याने दम सुधारतो, पण मांडीचा स्नायू परत मिळवायला उठबसच लागते, म्हणून दोन्ही करायचं.

स्नायू हवेतून तयार होत नाही. आपल्याकडे वय झालं की रात्रीचं जेवण म्हणजे मऊ भात नाहीतर दूध-पोहे. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढंच. हिशेब घातलात की कळेल, आपण निम्म्यावरही नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

करोना अजून आहे, तो ओळखायचा कसा?

पहिल्या गटाकडे वळतो. निर्बंध उठले म्हणजे विषाणू गेला असं नाही. त्यातून ज्येष्ठांमध्ये तो ओळखणं अवघड. ताप हवाच असं नाही, आपल्या वयात शरीर ताप चढवायलाही आळस करतं. जेवणाचं ताट बाजूला सारणं, दिवसभर झोपून राहणं, अचानक असंबद्ध बोलणं, विनाकारण पडणं, एवढंच लक्षण असू शकतं. घरच्यांना वाटतं, वयाने झालं. काल ठीक असलेला माणूस आज वेगळा वागतोय, तर ते वय नव्हे, आजार आहे. वय एका रात्रीत येत नाही.

घरात ऑक्सिमीटर असेलच. बोटं गार असतील, नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, बोट घाला, मिनिटभर थांबा. आकडा ९४च्या खाली टिकून राहिला तर थांबायचं नाही, फोन करायचा. ऑक्सिजन कमी होऊनही दम न लागणारे पेशंट आम्ही भरपूर पाहिलेत. पेपर वाचत बसलेले असतात आणि आकडा ८५.

एक विनंती हात जोडून करतो. दुसऱ्याची चिठ्ठी व्हॉट्सॲपवर आली म्हणून औषध घेऊ नका. विशेषतः स्टिरॉइड. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीतून कळलं की ज्यांना ऑक्सिजन लागतो त्यांचे जीव डेक्सामेथासोनने वाचतात. त्याच चाचणीत हेही दिसलं की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा नाही. लोकांनी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं सोडून दिलं. पहिल्याच दिवशी गोळ्या सुरू, साखर तीनशे-चारशेवर, आणि २०२१च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने काय केलं ते आपण पाहिलं.

आणि तिसरा डोस. १६ मार्चपासून साठीच्या पुढच्या सगळ्यांना तो मिळतो, आधीची सहव्याधीची अट काढली आहे. दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले असतील तर घेऊन टाका. सरकारी केंद्रावर तुम्हाला तो फुकट आहे. लशीमुळे सर्दी-खोकला होणारच नाही असं नाही. आयसीयूची वेळ टळावी म्हणून ती घ्यायची.

दोन वर्षांत राहून गेलेली कामं

उंबरा ओलांडायचा तर आधी यादी करा. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललेलं असेल, कवळी सैल झाली असेल, कानाचं मशीन कपाटात पडलं असेल. मास्कमुळे समोरच्याचे ओठ दिसेनासे झाले आणि किती जणांना पहिल्यांदा समजलं की आपण ऐकत नव्हतो, ओठ वाचत होतो! ऐकू येईना म्हणून माणूस बोलणं टाळतो, बोलणं टळलं की घरात असून एकटा पडतो. कट्टा, भजनी मंडळ, हास्यक्लब, भिशी या गोष्टी मी औषधाइतक्याच गंभीरपणे लिहून देतो.

गोळ्यांची पिशवी उचलून डॉक्टरांकडे न्या. दोन वर्षं फोनवर "तेच चालू ठेवा" चाललंय. वजन घटलंय, जेवण कमी झालंय, पण बीपीची आणि साखरेची गोळी जुनीच. लघवी वाढवणारी बीपीची गोळी, त्यात मीठ एकदम बंद, त्यात मे महिन्याचा घाम. सोडियम उतरतं आणि माणूस बरळायला लागतो. रक्तदाब बसून मोजाल तसा उभं राहूनही मोजून घ्या. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग पाय टाका. वाटेत दिवा हवा, पायपुसणं नको. हे मी कोणत्या अनुभवाने सांगतोय ते आता तुम्हाला माहीत आहे.

प्रवास

आता काशी. जरूर जा. पण पहिला प्रवास काशीचा नको. आधी बाजार, मग दिवसाभरात परत येता येईल असं गाव, मग एक मुक्काम. प्रत्येक पायरीला दुसऱ्या दिवशी कसं वाटलं ते बघा.

रेल्वेचं म्हणाल, तर पुरुषांना ४० आणि महिलांना ५० टक्के मिळणारी ज्येष्ठांची सवलत २० मार्च २०२०पासून बंद आहे ती अजून बंदच आहे. पैशांचा हिशेब तसा करा. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा मात्र आहे. एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ असतील तर तो मिळतो, दहा जणांचा ग्रुप एका तिकिटावर टाकलात तर नाही. गाडीतली चादर-ब्लँकेटं मार्चपासून हळूहळू परत येताहेत, तरी आपली एक शाल असू द्या. सक्ती नसली तरी गर्दीत आणि एसी डब्यात मास्क लावा, नाकाच्या वर.

प्रवासात आपण सगळे एक चूक करतो. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. त्यातून चक्कर, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग, आणि तासन् तास पाय लोंबकळत बसलात तर पायात रक्ताची गुठळी. पाणी प्या. लघवीची गोळी केव्हा घ्यायची ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठरवा. तासातासाने घोटे फिरवा, जमेल तेव्हा उभे राहा. औषधं मोठ्या बॅगेत नकोत, हातातल्या पिशवीत, मूळ पट्टीसकट, चार दिवसांची जास्त. इन्सुलिन थर्मासमध्ये ठेवा, पण बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलं की निकामी. आणि एका कागदावर आजार, औषधं, मुलाचा किंवा मुलीचा फोन. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची नाही.

प्रश्नोत्तरांतून

*मुलीकडे अमेरिकेला जायचंय, वय ७१.*

जा. विमानतळावरच्या व्हीलचेअरची नोंद तिकिटाबरोबरच करा, त्यात कमीपणा नाही. सीट कडेची घ्या. पूर्वी पायात गुठळी झाली असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. विमा काढताना जुने आजार लपवू नका, नेमका तिथेच दावा अडकतो. आणि निघण्याआधीच्या एका दिवसातला निगेटिव्ह रिपोर्ट अमेरिकेसाठी सध्या लागतो.

*दोन वर्षं वारी चुकली. पादुका एसटीने गेल्या, आम्ही टीव्हीवर पाहिलं. यंदा पायी आहे. वय ७२, साखर आहे. जाऊ का?*

या प्रश्नाची मी वाट बघत होतो. पालख्या २० आणि २१ जूनला निघताहेत, म्हणजे हातात काही आठवडेच आहेत. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. आजपासून सकाळी पंधरा-वीस मिनिटं चालायला लागा, दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा. वारीला जी चप्पल घालणार तीच घालून चाला, नवी नको. रोज रात्री तळवे आरशात बघा, साखरेमुळे फोड झाला तरी कळत नाही. छातीत दडपण आलं, दम लागला, तर तिथेच थांबायचं आणि तपासून घ्यायचं. जूनच्या मध्याला सलग दोन तास आरामात चालता आलं, साखर आटोक्यात असली, तर जा. पण दिवे घाटाचा दिवस तिसाएक किलोमीटरचा असतो. तिथे गाडीत बसावंसं वाटलं तर बसा. आणि तेवढी तयारी झाली नाही, तर शेवटचे एक-दोन टप्पे चाला. माउली हजेरी मांडत नाही.

आमच्या आईने मला परवा विचारलं, मंडईपर्यंत रिक्षाने नेशील का? मी म्हटलं, नेतो, पण उतरून दहा पावलं तू चालायचीस. उद्या सकाळी जातोय आम्ही. तुम्हीही उद्या सकाळी कुठे जाणार ते आजच ठरवा.