‘उडता पंजाब’ : सूड संपला, बल्लीचे काय?

नशेच्या प्रश्नावर वस्तीत बैठक झाली की दोन मागण्या हमखास पुढे येतात. विकणाऱ्याला धडा शिकवा आणि घेणाऱ्याला कोंडून ठेवा. या दोन्ही वाटा कुठे जातात, हे अभिषेक चौबे यांच्या ‘उडता पंजाब’ (२०१६) या चित्रपटात दिसते. सेन्सॉर बोर्डाशी झालेल्या वादामुळे तो गाजला. मुंबई उच्च न्यायालयाने एका कटासह प्रदर्शनाचा मार्ग मोकळा केला. वाद लक्षात राहिला, पण त्यातल्या दोन भावांची गोष्ट मागे पडली.

सरताज हा पोलीस. नशेचा माल नेणारे ट्रक पैसे घेऊन सोडणाऱ्या साखळीतला एक. त्याच मालाने त्याचा धाकटा भाऊ बल्ली मरणाच्या दारात पोहोचतो, तेव्हा त्याचे डोळे उघडतात. डॉ. प्रीत बल्लीला आपल्या केंद्रात दाखल करून घेते. पण तिथून पळण्याच्या धडपडीत बल्लीच्याच हातून तिचा जीव जातो. शेवटी सरताज स्वतःच्याच खात्यातल्या माणसांवर गोळ्या झाडतो. प्रेक्षकाला न्याय झाल्यासारखे वाटते. पण बल्लीची नशा त्या गोळ्यांनी सुटत नाही.

बल्ली असा का वागला? व्यसन हा मेंदूशी निगडित आजार आहे. हेरॉईन थांबवल्यावर साधारणपणे काही तासांतच त्रास सुरू होतो. अंगदुखी, उलट्या, जुलाब, झोप उडणे. पहिले दोन-तीन दिवस सर्वात कठीण असतात. शरीराचा त्रास आठवड्याभरात बराच ओसरतो, पण ओढ कितीतरी महिने राहते. म्हणून नुसते कोंडून ठेवणे म्हणजे उपचार नव्हे. त्यात धोकाही आहे. काही दिवस नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती घटते. मग सुटल्यावर पूर्वीएवढाच डोस घेतला तर जीव जाऊ शकतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडणेही जीवघेणे ठरू शकते. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरे गप्प बसतात. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात सेवन हा गुन्हा आहे, हे खरे. पण त्याच कायद्याचे कलम ६४-अ सांगते की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील मालाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकते. ही माहिती प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवी.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. ऐंशीच्या दशकात गर्द मुंबई-पुण्यात पसरली, तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. अशा केंद्रांत औषधांबरोबर समुपदेशन होते, घरच्यांनाही सामील करून घेतले जाते आणि बाहेर पडल्यावर पाठपुरावा होतो. चित्रपटात कुटुंब एका प्रसंगात सावरते. प्रत्यक्षात मुलगा पुन्हा घसरतो, पुन्हा उभा राहतो. घसरणे म्हणजे उपचार फुकट गेले असे नव्हे.

विकणाऱ्यांविरुद्ध तक्रार, मोर्चा, निवेदन हे झालेच पाहिजे. सरताजसारखे हप्ते घेणारे हात उघडे पाडलेच पाहिजेत. पण मोर्चा संपल्यावर त्या मुलाच्या दारात कोण जाणार? पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते मोडलेल्याला हाकलण्यासाठी ते दिलेले नाही. बुद्धविहारात महिन्यातून एक दिवस अशा घरांसाठी ठेवता येईल. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाईन १४४४६ विहाराच्या फलकावर लिहिता येईल. दाखल करताना सोबत जाता येईल आणि परतल्यावर कामाला लावता येईल. सूड घ्यायला एक रात्र पुरते. बल्लीला परत आणायला वस्ती लागते.