अजिंठा पाहून आलेली तीन चित्रं

अजिंठ्याने भारावलेल्या चित्रकारांची आपल्याकडे वाण नाही. आधी रॉबर्ट गिल, मग जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे मुंबईकर विद्यार्थी, पुढे लेडी हेरिंगहॅमबरोबर आलेले नंदलाल बोस. या सगळ्यांनी लेण्यांच्या परिसरात मुक्काम ठोकून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. १९३६च्या अखेरीस तिथे पोहोचलेल्या २३ वर्षांच्या अमृता शेरगिलने मात्र अजिंठ्याकडून निराळंच काही घेतलं. पुढच्याच वर्षी तिने तीन तैलचित्रं केली : ‘नवरीचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिणेतले गावकरी’. तिची ‘दाक्षिणात्य त्रयी’ ती हीच.

अमृताचा जन्म बुडापेस्टचा. आई हंगेरियन गायिका, वडील संस्कृतचे व्यासंगी आणि छायाचित्रणाचे शौकीन. पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये शिकताना तिला गोगँ आणि सेझान यांनी झपाटलं. अजिंठ्याचं एखादं भित्तिचित्र अख्ख्या युरोपीय प्रबोधनकाळापेक्षा मोलाचं, असं तिने लिहिलं तेव्हा तिने अजिंठा पाहिलेलाही नव्हता! १९३४च्या शेवटी ती भारतात आली, सिमल्यात राहिली, डोंगरी माणसांची चित्रं काढू लागली. त्याच सुमाराच्या ‘तीन मुली’ या चित्राला १९३७मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

१९३६च्या अखेरीस ती दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाली. अजिंठ्याला पोहोचण्याआधी मुंबईत तिची गाठ पडली ती कार्ल खंडालावाला यांच्याशी. पेशाने वकील, पण भारतीय शिल्प आणि लघुचित्रं यांचा दांडगा अभ्यास. ही मैत्री तिला शेवटपर्यंत पुरली.

मग अजिंठा. १७ क्रमांकाच्या लेण्यात आरसा हाती घेतलेली राजस्त्री आणि तिच्या भोवतीच्या दासी आहेत. तिथे उभं राहून पाहिलं, तर अमृताने काय टिपलं असेल याचा अंदाज येतो. भिंतीवर चिखलाचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर गेरू, पिवडी, काजळी असे मोजके रंग. उजेड एका बाजूने येत नाही, म्हणून जमिनीवर सावल्या पडत नाहीत. माणसं एकमेकांना खेटून आहेत, तरी गर्दी वाटत नाही. एकीची मान कलते, तिथून दुसरीचा खांदा सुरू होतो. गोरी, गव्हाळ, सावळी, काळी अशी अंगकांती शेजारी शेजारी ठेवून चित्र तोललेलं आहे.

अजिंठ्याने मांडणी दिली, विषय दिला दक्षिणेने. कोचीनमधल्या मट्टनचेरी राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं तिने रेखाटून घेतली. तिथल्या देहांचा ठसठशीतपणा तिच्या मनात भरला. त्रिवेंद्रम आणि कन्याकुमारीकडे काळीसावळी माणसं, त्यांचे पांढरेशुभ्र कपडे आणि खालची तांबडी माती हे तिने रोजच्या व्यवहारात पाहिलं.

चित्रं मात्र रंगवली सिमल्याला परतल्यावर. समोर ना भिंत होती, ना दक्षिणेतला रस्ता. त्यामुळे बारीकसारीक तपशील आपोआप गळून पडले. ‘ब्रह्मचारी’मध्ये पाच उघडे तरुण आहेत : छातीवर जानवं, कमरेला पांढरं धोतर. ना देवळाचा खांब, ना पूजेचं साहित्य. चित्र उभं आहे ते धोतरांच्या पांढऱ्यावर आणि कातडीच्या बदलत्या तपकिरीवर. ‘नवरीचा शृंगार’मध्ये मधोमध उजळ अंगाची नवरी, मागे तिचे केस सावरणारी सावळी बाई, जवळ मुलं. लग्नघर असून कुणाच्या चेहऱ्यावर हसू नाही. ही उदासी अजिंठ्याची नव्हे, कोचीनचीही नव्हे. ती अमृताने सिमल्याच्या चित्रांतून स्वतःबरोबर आणलेली. सपाट रंगांच्या मोठ्या पट्ट्यांत गोगँही ओळखू येतो.

बंगाल शैलीच्या कित्येक चित्रकारांनी अजिंठ्याची लयदार रेषा आणि पुराणकथा उचलल्या, आणि अमृताला त्यांची चित्रं निर्जीव वाटत. तिने कथा सोडली, रेषेचा नाजूकपणा सोडला. माणसं कशी बसवायची, तेवढं ठेवलं.

त्रयी झाल्यावर ती तिथेच रेंगाळली नाही. मुघल आणि बसोली लघुचित्रांचे तेजस्वी रंग आणि छोटा आकार तिला खुणावू लागले. ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरला तिचा मृत्यू झाला, तेव्हा वय होतं अवघं २८.

‘ब्रह्मचारी’ आणि ‘नवरीचा शृंगार’ दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. अजिंठा पाहिलेल्या माणसाने ती जरूर पाहावीत, पण ओळखीचा चेहरा किंवा मुद्रा शोधत बसू नये. दोन माणसांच्या मधे सोडलेली जागा पाहावी. अजिंठ्याचं ऋण तिथे आहे.