नवशिक्या चित्रकाराची विद्युत्-पाटी

पाटीवर चित्र काढणाऱ्या मुलाचा हात आणि डोळा एकाच ठिकाणी असतात. जेथे पेन्सिल टेकते तेथेच रेषा उमटते. संगणकावर चित्रकला शिकू पाहणाऱ्याची स्थिती मात्र निराळी असते. त्याचा हात मेजावरील एका काळ्या, सपाट फळीवर फिरतो आणि रेषा उमटते ती समोरच्या स्क्रीनवर. या फळीस पेन टॅब्लेट अथवा ड्रॉइंग टॅब्लेट म्हणतात. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेली कित्येक मुले आज या साधनाची मागणी घरी करतात. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबात ही खरेदी एकदाच होते. ती चुकली तर पैसे जातातच. परंतु त्याहून मोठी हानी अशी की, दोष साधनाचा असताना तो आपल्या हाताचा आहे असे मूल समजते आणि चित्रे काढणेच सोडून देते. म्हणून ही खरेदी करण्यापूर्वी साधनाचे मर्म समजून घेणे अगत्याचे आहे.

हे साधन तसे नवे नव्हे. अमेरिकेतील रँड या संस्थेने 1964 मध्ये असा एक टॅब्लेट लोकांपुढे आणला. त्याचा पृष्ठभाग सुमारे दहा इंच लांब व तितकाच रुंद होता. एका इंचात शंभर रेषा ओळखण्याची त्याची क्षमता होती आणि त्याची किंमत अठरा हजार डॉलरच्या घरात होती. आज साधारणतः तीन-चार हजार रुपयांत मिळणारा लहान टॅब्लेट एका इंचात 2540 अथवा 5080 रेषा ओळखतो. 2540 म्हणजे एका मिलिमीटरमध्ये शंभर रेषा. मनुष्याचा हात इतका सूक्ष्म चालतच नाही. तात्पर्य, या एका बाबतीत अगदी स्वस्त टॅब्लेटही नवशिक्याच्या गरजेहून पुष्कळ पुढे गेलेला आहे.

मग हे यंत्र चालते कसे? फळीच्या पोटात बारीक तारांची जाळी असते. ती जाळी मंद चुंबकीय लहरी सोडते. पेनमध्ये तारेचे एक छोटे वेटोळे असते. ते या लहरींना प्रतिसाद देते आणि तो प्रतिसाद कोणत्या तारांना अधिक जोराने मिळाला यावरून पेनाचे स्थान ठरते. टोकावर दाब वाढला की प्रतिसादात किंचित फरक पडतो आणि संगणक रेषा जाड किंवा गडद करतो. पेनास लागणारी शक्ती फळीकडूनच मिळत असल्यामुळे त्यात बॅटरी घालावी लागत नाही. विकत घेताना असाच बिनबॅटरीचा पेन निवडावा. तो हलका असतो आणि ऐन कामाच्या वेळी बंद पडत नाही.

जाहिरातींत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा असतो तो दाबाच्या पायऱ्यांचा. कोठे 2048, कोठे 4096, कोठे 8192, तर कोठे 16384. आकडा दुप्पट म्हणजे चित्र दुप्पट चांगले, असा भोळा समज त्यातून होतो. वस्तुतः संगणकावरील सामान्य चित्रात लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगास 256 छटा असतात. दाबाच्या पायऱ्या दोन हजारांच्या वर गेल्या की त्यांतील भेद हातालाही कळत नाही आणि डोळ्यालाही दिसत नाही. खरे पाहावयाचे ते हे की, पेन अगदी हळुवार टेकवला असता रेषा उमटते की नाही. ज्या पेनास प्रारंभीच जोर द्यावा लागतो, त्याच्याकडून पापणीच्या केसासारखी नाजूक रेषा कधीच निघत नाही आणि मनगट मात्र दुखू लागते.

दुसरा प्रश्न आकाराचा. लहान टॅब्लेटची रेखाटण्याची जागा सुमारे सहा इंच रुंद असते. साडेपंधरा इंची लॅपटॉपची स्क्रीन रुंदीला साडेतेरा इंचांच्या जवळपास भरते. म्हणजे हात एक इंच सरकला की रेषा सव्वादोन इंच सरकते. हे प्रमाण चालण्याजोगे आहे. तोच टॅब्लेट चोवीस इंची स्क्रीनला जोडला तर एका इंचाचे साडेतीन इंच होतात आणि हाताचा बारीकसा कंपही तितकाच मोठा होऊन दिसतो. अशा ठिकाणी दहा इंच रुंदीचा मध्यम टॅब्लेट घ्यावा. तेथे हे प्रमाण दोनाहून किंचितच अधिक राहते. यास्तव आपल्या घरची स्क्रीन मोजल्यावाचून टॅब्लेटचा आकार ठरवू नये. लॅपटॉपवाल्यास लहान टॅब्लेट पुरतो. लांब, वळणदार रेषांची व कोपरापासून हात फिरवण्याची सवय असलेल्यास मध्यम बरा.

आकाराशी निगडित अशी आणखी एक खुबी आहे. टॅब्लेटची लांबी-रुंदी आणि स्क्रीनची लांबी-रुंदी यांचे प्रमाण जुळत नसेल तर हाताने काढलेले वर्तुळ स्क्रीनवर अंड्यासारखे दिसते. पुष्कळ विद्यार्थी याला आपली अकुशलता समजतात. वास्तविक टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये प्रमाण समान राखण्याची सोय असते. ती सुरू केली की वर्तुळ वर्तुळ होते. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण सर्वश्रुत आहे; पण येथे अंगणच खरोखर वाकडे असू शकते!

ड्रायव्हर म्हणजे टॅब्लेट व संगणक यांच्यामधील दुभाषी. हा दुभाषी आपल्या संगणकाची भाषा जाणतो की नाही, याची चौकशी पैसे देण्यापूर्वीच करावी. जुना वापरलेला टॅब्लेट स्वस्तात मिळतो; परंतु नव्या संगणकासाठी त्याचा ड्रायव्हर निर्माता पुरवीत नसेल तर ती नुसती प्लॅस्टिकची फळी ठरते. पूर्वीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर काढून न टाकता दुसरा घातला तर दोघांत तंटा होऊन दाबाची जाणीव नाहीशी होते, हेही ध्यानात ठेवावे. घरी संगणक नसेल तर काही टॅब्लेट मोबाईललाही जोडता येतात. मात्र उभ्या मोबाईलवर टॅब्लेटची थोडीच जागा कामास येते.

दुकानात किंवा वस्तू घरी येताच तीन परीक्षा कराव्यात. पट्टी धरून अगदी सावकाश तिरपी रेषा ओढावी. ती नागमोडी निघाली तर यंत्रात दोष आहे. फळीच्या चारही कडांशी रेषा काढून पाहाव्यात. शेवटी पेन हलका टेकवून हळूहळू दाब वाढवावा. रेषा पायरीपायरीने न फुगता सलग जाड व्हावयास हवी. त्याखेरीज पेनाची जादा टोके सोबत आहेत काय व पुढे मिळतील काय, हे विचारावे. कारण फळीच्या खरखरीतपणाने टोके झिजतात. डावखुऱ्याने फळी उलटी फिरवून वापरता येते याची खात्री करावी.

ज्यावर थेट स्क्रीनवरच चित्र काढता येते असे टॅब्लेटही असतात. त्यांची किंमत साध्या टॅब्लेटच्या कित्येक पट असते. नवशिक्याने प्रथमच तेथे धाव घेण्याचे कारण नाही. हात एकीकडे व डोळा दुसरीकडे ही अडचण काही आठवड्यांच्या नियमित सरावाने ओसरते. रोज पाव तास सरळ रेषा, वर्तुळे व लंबवर्तुळे गिरवावीत. चित्र काढण्याच्या प्रणालीसाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. क्रिता ही उत्तम प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. वाचलेले पैसे कागद व पेन्सिलींसाठी ठेवावेत.

कारण कागदाची तालीम येथेही चुकत नाही. इंदूरच्या कलाशाळेत देवळालीकरांच्या हाताखाली शिकलेले नारायण श्रीधर बेंद्रे पुढे बडोद्याच्या कलाविद्याशाखेत नामांकित शिक्षक झाले. त्यांच्या पिढीने पेन्सिल व कुंचला यांवर हात बसवला. आज साधन पालटले आहे. तरी छायाप्रकाश, प्रमाणबद्धता आणि दृष्टीची पारख या गोष्टी कोणत्याही पेटीत घालून विकत मिळत नाहीत. साध्या टॅब्लेटने त्या शिकण्याच्या आड येऊ नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवावी. आणि जो टॅब्लेट ती पुरी करतो, तो स्वस्त असला तरी नवशिक्यास पुरेसा आहे.