थाळीतले पाणी कोणी प्यायले?

गेल्या उन्हाळ्यात चिंचवडला आमच्या घरी एक लहानसा खटला उभा राहिला. आठ वर्षांच्या भाच्याने गच्चीवर चिमण्यांसाठी पसरट थाळीत पाणी ठेवले होते. दुपारी पाहतो तो थाळी कोरडी! शेजारच्या मुलानेच पाणी सांडले, असे ठरवून स्वारी भांडून आली. शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झाले. तेव्हा पेलाभर पाण्याचाही हिशेब मुले ठेवतात.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञान दहावीलाच सुटले. तरी म्हटले, आधी पुरावा पाहू. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता परात, तांब्या आणि काचेची बाटली यांत एकेक पेला पाणी मोजून घातले. बाटलीला बूच लावले. तिन्ही भांडी उन्हात ठेवली आणि दोन्ही मुलांना सावलीत पहाऱ्यावर बसवले.

दोनच्या सुमारास परात कोरडी झाली. तळाशी क्षारांचा पांढुरका डाग तेवढा उरला. तांब्यातले पाणी जेमतेम कमी झाले होते. बाटलीतले शाबूत होते, पण आतल्या काचेवर थेंब जमले होते.

“आत्या, मग चोर कोण?”

चोर ऊन आणि वारा! पाण्याचे कण पृष्ठभागावरूनच वाफ होऊन हवेत जातात. परातीत पृष्ठभाग मोठा, म्हणून बाष्पीभवन जलद. तांब्याचे तोंड अरुंद, म्हणून सावकाश. बाटलीतील वाफेला बाहेर वाटच नाही. श्रावणात हवा आधीच दमट असते, म्हणून तेव्हा धुणे लवकर वाळत नाही. वेधशाळेतही उघड्या पात्रातील पाणी किती उतरले, यावरून बाष्पीभवन मोजतात.

आमच्या नळाला येणारे पवना धरणाचे पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. ते धरण म्हणजे उन्हात ठेवलेली केवढी मोठी परात! एक हेक्टर जलाशयाची पातळी केवळ एक मिलिमीटर उतरली, तरी दहा हजार लिटर पाणी जाते. धरणावर झाकण घालणे आपल्या हाती नाही. पिंपावर घालणे आहे.

खटला निकाली निघाला. भाच्याने माफी मागितली नाही. मात्र संध्याकाळी शेजारच्या मुलाला घेऊन थाळी सावलीत हलवली आणि दोघांनी मिळून ती भरली.