माल विका, हक्क राखा

आधी नमुना दाखवावा, मागणी पाहून पुढचा माल काढावा, ही कारागिराची जुनी रीत. अमेरिकेतील ह्यू हाऊई यांनी कादंबरी याच रीतीने विकली. पुस्तकांच्या दुकानात नोकरी करीत २०११ मध्ये त्यांनी ‘वूल’ ही जमिनीखालच्या वस्तीची छोटी विज्ञानकथा स्वतःच ई-पुस्तकरूपाने ९९ सेंटला विक्रीस ठेवली. वाचकांनी पुढचे मागितले, तेव्हा आणखी चार भाग लिहिले. मग सर्व हक्कांसाठी दहा लाख डॉलरवर बोली आली, त्यांनी नाकारली. २०१२ मध्ये ‘सायमन अँड शुस्टर’ला कमी रकमेत फक्त छापील आवृत्तीचे हक्क दिले, ई-पुस्तकाची कमाई स्वतःकडे ठेवली. नक्षी वा साचा घडविणाऱ्या बांधवांनीही एकरकमी सौद्यावर सही करण्यापूर्वी पाहावे: आपण माल विकतो आहोत की दुकानच?